तिसऱ्या दिवशीचा होकार

किसनसिंग नायक माणूस मोठा ताठ! दिग्रसच्या अलीकडे पंचवीस झोपड्यांचा त्याचा तांडा, पण तोरा असा की दिल्लीनं यालाच विचारून राज्य करावं.

छप्पन साली प्रांत हलले. यवतमाळ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, पैनगंगेपलीकडचा काही मुलूख आंध्रात गेला. तिकडची माणसं इकडे सरकू लागली आणि तांड्यात रोज भांडण. बाबूसिंग म्हणे, "आपल्याच पोराइले जमीन नाही, तिकडल्याइले काहून घेता?" दुसरा म्हणे, "आपल्या गोर-बंजारा माणसाले कायची आली सीमा?" नायक दोघांनाही गप्प करी. "मुंबई नाही अन् हैदराबाद नाही. इथं कोण राहीन, ते तांडा ठरवते!"

तांड्याची रीतच होती. वसायला आलेल्या कुटुंबानं वेशीवर बैल सोडायचे आणि तीन दिवस नायकाकडे जागा मागायची. पहिले दोन दिवस नायकानं नाहीच म्हणायचं, तिसऱ्या दिवशी हो.

पुढच्या हिवाळ्यात वेशीवर गाडी सुटली ती त्याच्या सख्ख्या बहिणीची. जमनी आणि तिचा नवरा अमरसिंग. पलीकडची कसती जमीन हातची गेली होती आणि जमनीला आठवा महिना लागला होता.

"भिया, जागा दे," ती भावाला म्हणाली.

किसनसिंगाचं काळीज हललं. पण सारा तांडा बघत होता. बहिणीसाठी रीत मोडली तर उद्या आपल्याला कोण मोजेल? "नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तो दोर वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "नाही." आत त्याची बायको बिजलीबाई उद्याच्या लापशीसाठी गूळ फोडत होती.

तिसऱ्या सकाळी वेशीवर नुसती राख आणि बैलांचं शेण. माणसं धावली, पण गाडी काही सापडली नाही.

तेव्हापासून नायकाला भरदुपारी जमनीची हाक ऐकू येई. जेवता जेवता घास हातात धरून तो वेशीकडे बघे आणि "हो, हो, राहा" म्हणे. अंगावर काटा येई बघणाऱ्याच्या! बिजलीबाईनं त्याला कळंबच्या चिंतामणीला नेऊन आणलं. हाक काही थांबली नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला. त्याच आठवड्यात दिग्रसच्या बाजारात त्याला अमरसिंग दिसला, एकटाच. नायकानं धावत जाऊन त्याचे खांदे धरले.

"जमनी कुठी हाय?"

"परत नदी ओलांडली अन् वाटेतच बाळंत झाली. दोघंही गेले."

किसनसिंगानं त्याचे खांदे सोडले नाहीत. "अरे, रीत माहीत होती ना तुमाले? एक दिवस थांबले असते तर मी..."

"मी म्हटलं होतं तिले, उद्या हो म्हणते तो," अमरसिंग म्हणाला. "तर म्हणे, मले माहीत हाय. पण भावाच्या दारात परक्यासारखं तिसऱ्यांदा मी नाही मागत."