वेरेकाचं नाणं

डॅन्यूब नदीकाठच्या गॉथ लोकांच्या वस्त्यांत गुडिला सोनाराचा भाव मोठा. रोमी नाण्यासारखं सोन्याचं पदक घडवावं तर गुडिलानंच! कौतुक झालं की तो खाली मान घालून भाता ओढत बसायचा. लोक म्हणत, किती विनयी माणूस! विनय कसला डोंबलाचा, शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं त्याला.

त्याचं असं झालं. त्याचा जिवलग मित्र वेरेका डॅन्यूबपलीकडच्या लढाईतून सोन्याचं रोमी नाणं जिंकून आला होता. तो गेल्यावर त्याची बायको अनिमाइस ते गळ्यात घालायची. एकदा त्याची कडी तुटली, तशी ती गुडिलाकडे आली.

"जपून हं भावजी," ती म्हणाली, "त्यांचं एवढंच उरलंय माझ्यापाशी."

कडी जोडताना गुडिला कुणाशी तरी गप्पा छाटत होता. भाता जास्त ओढला गेला आणि बघता बघता नाण्यावरच्या राजाचं नाक, हनुवटी, सगळ्याचा गोळा झाला!

खरं सांगायची हिंमत कुठली? त्यानं आठवून आठवून ठसा कोरला आणि त्याच सोन्यावर ठोकला. अक्षरं येत नव्हती, तिथं नुसत्या काड्या ओढल्या. घाईत चेहरा ठशावर सुलटा कोरला, तो सोन्यावर उलटा उमटला. घाबरलेल्या गड्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

अनिमाइसनं नाणं निरखलं, "छान झालंय," म्हणाली आणि गळ्यात घातलं. ते पाहून अख्खी वस्ती गुडिलाच्या दारी लोटली. "वहिनींसारखंच हवं!" त्याच ठशावर त्याचा संसार उभा राहिला.

अनिमाइस म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. तिनं गुडिलाला बोलावून नाणं त्याच्या हातावर ठेवलं.

"मला मोकळ्या गळ्यानं पुरा, भावजी."

"असं काय वहिनी? वेरेकाची खूण ना ती?"

"त्यांचा राजा उजवीकडे बघायचा. हा डावीकडे बघतो."

गुडिलानं नाणं डोळ्यांशी धरलं. "म्हणजे पहिल्यापासून... मग बोलला का नाहीत?"

"पोरं लहान होती तुमची. मी बोलले असते, तर कुणी सोनं दिलं असतं तुमच्या हातात?"

दोन दिवसांनी ती गेली. खड्ड्याभोवती सगळी वस्ती जमली. तिचा उघडा गळा बघून बायका हळहळल्या.

"गुडिलाकाका, तुमच्या हातचं एखादं घाला की तिला!"

त्यानं वर पाहिलं. ज्याच्या त्याच्या गळ्यात गुडिलाचाच राजा, डावीकडे तोंड करून.

"माझं नको होतं तिला," तो म्हणाला.

"का हो?"

आणि रडत रडत, सगळ्यांदेखत, गुडिलानं सांगायला सुरुवात केली.