काकांची काहीच तक्रार नाही

आमच्या भांडुपच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका आजारी आणि तितकाच ठणठणीत माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. गिरणीतली नोकरी गेल्यावर ते एका औषध कारखान्यात पॅकिंगला लागले, आणि तिथेच सगळी वाट लागली. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, ती ते जेवणाच्या सुट्टीत मन लावून वाचत. आज सांधेदुखीच्या गोळ्या भरल्या की उद्या काका लंगडत जिना चढणार. एकदा बाळंतिणीच्या टॉनिकची खोकी आली, तर आठवडाभर कंबर धरून फिरत होते. शेवटी काकूंनीच विचारलं, "डिंकाचे लाडू करू काय आता?" मी मेडिकलला गेले त्या दिवसापासून त्यांची 'डागतरणी' झाले. जिन्याच्या वळणावर मनगट पुढे करून उभे असत. "गो डागतरणी, जरा नाडी बघ." तेव्हा मला नाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी गंभीरपणे मान हलवायचे आणि कैरीचं पन्हं घ्या म्हणायचे.

शेवटच्या वर्षाला माझी निवड इंग्लंडच्या एका इस्पितळात महिनाभर शिकायला जाण्यासाठी झाली. चाळ खूश, आणि मला इंग्रजीची धास्ती. मी मराठी शाळेतली. पुस्तक वाचता यायचं, पण समोर साहेब कण्हत पडला तर बोलायचं काय? काकांनी हे काम अंगावर घेतलं. भर मे महिन्यात माकडटोपी घालून ते साहेब म्हणून खाटेवर आडवे झाले. मी घाबरत विचारलं, "व्हेअर इज द पेन?" काका कळवळून म्हणाले, "शेक वेल बिफोर यूज." पुढच्या प्रश्नाला उत्तर आलं, "कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन." त्यांचं सगळं इंग्रजी खोक्यावरचं. काकू चहा गाळता गाळता हसून बेजार. पण त्या आठवड्यात माझी भीती गेली, कारण यापेक्षा विचित्र उत्तर कुठलाच साहेब देणार नव्हता.

तिथे मात्र भलतंच. तिथले म्हातारे तक्रारच करेनात. बसवर ड्रायव्हर असलेले एक आजोबा होते. अंग घामाने भिजलेलं, तोंड पांढरं पडलेलं, आणि मला म्हणतात, "मी ठीक आहे पोरी, आधी शेजारच्याला बघ." मी खरंच वळले. वॉर्डच्या सिस्टरने माझं कोपर धरलं. "इथली माणसं ठीकच असतात. ऐकू नकोस, बघ." आजोबांना हार्ट अटॅक आला होता. ते वाचले, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

परत आले त्या संध्याकाळी सगळी चाळ आमच्या खोलीत जमली. काका कोपऱ्यात खुर्चीवर. मी लाडात त्यांच्यापुढे हात केला. "बोला काका, आज काय दुखतंय?"

"माका काय्येक नाय," ते म्हणाले. "तू सायबाच्या गजाली सांग."

सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "काका बरे झाले, पेढे वाटा यार!" मला हसू येईना. पंख्याखाली बसून त्यांचा सदरा भिजला होता, आणि उजव्या हाताने त्यांनी डावा दंड घट्ट धरला होता. मी म्हटलं, "रिक्षा आणा. आत्ता." खुर्चीसकट त्यांना जिन्यावरून उतरवलं. ते पुटपुटत होते, "अगो, आज तुझो दिवस, उगाच कित्याक..."

त्यांनाही अटॅकच होता. वेळेवर पोचलो म्हणून वाचले. धोका टळल्यावर मी जाम भडकले. "एरवी करंगळी दुखली तर चाळ डोक्यावर घेता, आणि त्या दिवशी गप्प का बसलात?" काकांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "चिठ्येतली दुखणी खोक्यात परत ठेवूक येतत," ते म्हणाले. "ह्या खरा होता. भियालंय गो."

घरी आले ते अगदी शहाण्यासारखे. कुणीही विचारलं की "बरो आसंय." बास. चाळीला करमेना, आणि मला तर तो शब्द ऐकला की धडकी भरायची. मग एका सकाळी जिन्याच्या वळणावरून हाक आली, "गो डागतरणी, माझी मूत्रपिंडां बरी दिसनत नाय." मी धावत वर गेले. जीभ बघितली, डोळे बघितले, नाडी धरून कितीतरी वेळ उभी राहिले. छान चालली होती. "गंभीर आहे काका," मी म्हटलं, आणि माझे डोळे भरून आले. काका समाधानाने पन्ह्याचं विचारत होते.

पुढे बरीच वर्षं ते असेच आजारी राहिले, आणि पिकलं पान गळावं तसे गेले. अजूनही आईकडे गेले की जिन्याच्या त्या वळणावर माझी पावलं मंदावतात, कुणीतरी मनगट पुढे करील म्हणून.