सासऱ्यांची गाडी आणि ग्रिलवाल्याची चासी

माझ्या मालकीची एक लाल परदेशी स्पोर्ट्स गाडी आहे आणि पंचवीस वर्षांत ती एकूण अकरा वेळा रस्त्यावर आली आहे. त्यातल्या सात वेळा मी मागून ढकलत होतो.

गाडी सासऱ्यांनी दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात नानांनी (म्हणजे सासऱ्यांनी) आम्हाला रत्नागिरीला बोलावलं. चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर तुपाचं निरांजन आणि निरांजनाच्या शेजारी ही चकचकीत किल्ली! "जावईबापू, आजपासून गाडी तुमची. माझ्यापेक्षा जास्त जपा," नाना म्हणाले. तिथेच बसलेल्या माझ्या साडूला त्याच्या वेळी नुसते अनारसे मिळाले होते, आणि त्यातले दोन करपलेले. मी असा काही फुगलो की परतीच्या वाटेवर नीलिमाला, म्हणजे बायकोला, चार वेळा विचारलं, "बघितलंस ना साडूचं तोंड?"

मग मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगखाली ती कव्हर घालून उभी राहिली, ती राहिलीच. इथे खाडीची हवा अशी की खिडकीच्या कड्यासुद्धा तीन वर्षांत गळून पडतात. पण नाना दर दिवाळीला फोनवर न चुकता विचारायचे, "गाडी कशी आहे?" आणि मी न चुकता सांगायचो, "टकाटक, नाना! कालच उत्तनला जाऊन आलो." (काल मी पार्किंगमध्ये जाऊन कव्हरवरची मांजर हाकलली होती.) खोटं बोलायला पेट्रोल लागत नाही, त्यामुळे माझ्या सहली वाढतच गेल्या. एका दिवाळीत तर मी लोणावळ्याला जाऊन आलो.

आणि यंदा नानांचाच फोन. "जावईबापू, एक्क्याऐंशी पूर्ण झाली. देव, दक्षिणा सगळं झालं. आता एकच इच्छा आहे. तुमच्या शेजारी बसून त्या गाडीतून उत्तनजवळच्या डोंगरीपर्यंत एक चक्कर मारायची. पंधरा दिवसांनी येतोय."

माझं पोहे लागलेलं बोट तोंडाशीच थांबलं.

"सांगा आता," नीलिमा म्हणाली. "लोणावळ्याला जाऊन येणारी गाडी डोंगरीला का जात नाही, ते सांगा त्यांना."

"अगं, थोडी दुरुस्ती केली की झालं."

आम्ही तिघं खाली गेलो. तिसरी म्हणजे आमची मुलगी सई, वय तेवीस, बापाची फजिती बघायला सुट्टी काढणारी. कव्हर काढलं, वाकून बघितलं. रंग बरा होता, पण ज्याच्यावर सगळी गाडी उभी असते तो खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला मेकॅनिक लोक चासी म्हणतात, तो दाराखालच्या पट्ट्यात पार गंजला होता. सईने पेन टोचलं. पेन आरपार गेलं.

"बाबा, चाळणी झालीय."

जुन्या गाड्यांचा एक नावाजलेला मेकॅनिक आला. त्याने दोन मार्ग सांगितले. पहिला, नवीन चासी परदेशातून मागवायची. ती किंमत ऐकून मी त्याला पुन्हा विचारलं, की यात गाडीही येते का? दुसरा, त्याच्या गॅरेजमध्ये सगळी गाडी खोलून, सांगाडा तुकड्यातुकड्याने नवा करायचा. तीन महिने. "आणि अर्जंट?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हा आम्ही बाल्कनीला ग्रिल बसवून घेत होतो. मीरा रोडमध्ये ग्रिल बसवल्याशिवाय फ्लॅट घेतल्याचं समाधान मिळत नाही, आणि रामधनी हा या भागातला एक नंबरचा ग्रिलवाला. रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर तो लोखंडाला लोखंड जोडत होता. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चासी म्हणजे तरी काय? आडवी केलेली ग्रिलच!

"साहब, खिडकी अलग, गाडी अलग," रामधनी म्हणाला.

"लोहा तो लोहा है ना?"

"वो तो है."

"किलोपे लगाव. ग्रिल का जो रेट है, वही रेट."

नीलिमा आतून ओरडली, "अहो, मग चाकांऐवजी त्याला कुंड्याच ठेवायला सांगा!" मी दुर्लक्ष केलं. बायकोच्या माहेरच्या माणसासाठीच तर एवढा खटाटोप चालला होता.

रामधनी माझ्यापेक्षा शहाणा निघाला, हे मला आज कबूल करावं लागतंय. त्याने गाडी नीट पाहिली आणि सांगितलं, आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे पाइप लावून त्या पक्क्या करू, मग एक बाजू कापू, ती जोडू, मग दुसरी. आठ दिवस लागतील. पण त्याचा होकार मिळवण्यात आणि बाल्कनी संपण्यात मी आधीच दहा दिवस घालवले होते, नाना पाच दिवसांवर आले होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाइप-बाइप कुछ नहीं. पुढे-मागे विटा लावो और दोनों बाजू एकदम काट डालो."

"साहब, बीच में से बैठ जाएगी."

"अरे, मैं जिम्मेदार हूँ ना!"

पेट्रोलची टाकी काढून ठेवली. गाडी पुढे-मागे विटांवर चढवली. स्टेअरिंग सरळ राहावं म्हणून (ही अक्कल माझी) मी स्वतः आत जाऊन बसलो, दोन्ही दारं लावून घेतली. माझं वजन चौऱ्याण्णव किलो. रामधनीने दोन्ही पट्ट्या कापल्या, तशी गाडीने पोटातून 'क्रॅक' असा आवाज काढला आणि ती मधोमध इंचभर खाली बसली. मला वाटलं, गाडी विटांवर सेट होतेय. "चालू रखो!" मी ओरडलो. रामधनीने कपाळावर हात मारला आणि वेल्डिंग केलं. पक्कं केलं. ग्रिलवाला तो, चोर आला तरी तुटू नये असं केलं.

संध्याकाळी काम संपलं. मी दाराचा खटका ओढला. दार हललं नाही. दुसरं ओढलं, तेही नाही. वाकलेल्या चौकटींनी दोन्ही दारं दाताने धरावीत तशी धरून ठेवली होती. छताचा कापडी टप उघडायला गेलो, तर त्याचे सांधे गंजून बसलेले. एका खिडकीची काच खाली झाली. त्यातून माझं डोकं बाहेर आलं. बाकीचा मी नाही.

"नीलिमा!"

ती आली, पण एकटी नाही. तिच्या मागे धोतराचा सोगा सावरत, काठी टेकत नाना. "सरप्राइज द्यावं म्हटलं जावईबापूंना," ते म्हणत होते, "म्हणून चार दिवस आधीच निघालो."

नमस्काराला वाकणं शक्य नव्हतं. मी खिडकीतून फक्त हात जोडले. सई फोन काढून शूटिंग करत होती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. नाना शांतपणे गाडीभोवती फिरले, काठीने नव्या पट्टीवर ठोकलं, कापून टाकलेला जुना तुकडा उचलला आणि त्याच्या भोकांतून उजेडाकडे बघितलं.

"नाना," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. उत्तन, लोणावळा, सगळं खोटं. गाडी जपली नाही."

नाना खाली, रामधनीच्या स्टुलावर बसले. "हुश्श," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं मनाला खात होतं हो. दिली तेव्हाच चासीला एवढाली भोकं होती. भंगारवाला न्यायला तयार नव्हता. तुम्ही दर दिवाळीला टकाटक म्हणायचात, तेव्हा वाटायचं, जावई देवमाणूस. सडकी गाडी गळ्यात मारली तरी तक्रार नाही. तेवढं एकदा बघून माफी मागावी, म्हणून आलो."

नीलिमा उसळलीच. "नाना! सडकी होती, तर यांना दिलीत कशाला?"

"अगं, अधिक महिन्यात जावयाला जाळीदार वस्तूच द्यायची असते," नाना म्हणाले. "अनारसे म्हणून तर देतात."

नीलिमाने स्वयंपाकघरातली कात्री आणून टप कापला आणि रामधनीने मला वरून ओढून काढलं. डोंगरीला आम्ही रिक्षाने गेलो. नाना वाटभर हसत होते.

आता सईसाठी स्थळं बघतोय. नीलिमा मुलाचा पगार विचारते, घर विचारते. मी एकच विचारतो, जुन्या गाड्यांची आवड आहे का?