रंगनाथने केलेलं कॅरिअर

शेवगावला केस कापायला बसलो होतो, तेव्हा कावेरीचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मागे तिच्या आईचं, सुनंदावहिनींचं, रडणं ऐकू येत होतं. कावेरीचा आवाज मात्र कोरडा होता. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून रंगनाथ बादली घेऊन गेला, नळापाशीच खाली बसला आणि पुन्हा उठला नाही, हे मला नंतर कळलं. अर्धवट कापलेल्या केसांनी तसाच मी मोटारसायकल काढून सोनईला निघालो. वाटभर डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती त्याच्या जाण्याचीही नव्हती… जे सांगायचं राहिलं ते आता त्याला कधीच सांगता येणार नाही, ही होती. महिना होऊन गेला. अजून ती डोक्यातून हलत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

सोनईजवळच्या एका शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर शिकवलं. मी गणित, तो कार्यानुभव. स्वतः मास्तर असून मला मात्र 'मास्तर' अशी हाक मारायचा. बोलणं कमी, हात सतत चालू. मोडक्या बाकांचे लोखंडी पाय, जुन्या सायकलचे भाग, काहीच त्याच्याच्यानं टाकवायचं नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळं नीट रचून ठेवलेलं असे. कावेरी त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी टोमॅटोच्या वावरातला बांबू टेकवून ती पाण्याची चारी ओलांडायची. आमच्या खेळाच्या सरांनी ते पाहिलं आणि तिला बांबू उडीला घातलं. पोरीच्या अंगात ते होतंच. कॉलेजात गेली तोवर तिचं नाव पुण्यापर्यंत पोचलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी तिच्या वजनाला जुळेल असा फायबरचा पोल तिला देऊन टाकला. तो तेरा फुटी पोल न्यायचा कसा, हा प्रश्न. एसटीच्या टपावर एकदोनदा कंडक्टरनं जाऊ दिलं, मग तेही बंद झालं. शेवटी रंगनाथनं ओळखीच्या डॉक्टरांची जुनी, रंग उडालेली एसयूव्ही घेतली. टपावर बसवायचं तयार कॅरिअर बघायला आम्ही नगरला गेलो, पण गाडी घेऊनच त्याचा खिसा रिकामा झाला होता. दुकानाबाहेर पडताना म्हणाला, "इकत कशाला घ्यायचं? आपन करू."

दिवाळीची सुट्टी आम्ही त्या शेडमध्ये काढली. घरातल्या जुन्या लोखंडी कॉटचे चौकोनी पाइप कापून त्यानं चौकट केली. आडव्या पट्ट्या बाकांच्या. टपाच्या कडेला धरायला गॅरेजमधून आणलेले सायलेन्सरचे क्लॅम्प, आणि पत्रा खरवडू नये म्हणून खाली ट्यूबचं रबर. मी मापं काढायचो, दुसरं टोक धरायचो. चौकटीवर त्यानं शेतातल्या पाइपलाइनचा लांब पाइप बसवला. पोल त्याच्या आत सरकवायचा. पुढचं तोंड कायमचं बंद, मागच्या तोंडाला झाकण, आणि झाकण निघू नये म्हणून त्यातून आरपार एक बोल्ट. सगळं झाल्यावर तो चौकटीला धरून दोन्ही पाय उचलून लोंबकळला. गाडी हलली, कॅरिअर नाही. "मास्तर," तो खाली उतरून म्हणाला, "आता पोरगी कुटंबी जाईल." इतका खुश मी त्याला नंतर कधी पाहिला नाही. दोन वर्षं त्या कॅरिअरवरून पोल गावोगाव गेला.

मग पुण्यात निवड चाचणी होती. त्या वर्षी निवड झाली असती, तर कावेरीला सरकारी प्रशिक्षण केंद्रात जागा मिळणार होती. सकाळी सहाला निघायचं ठरलं. रंगनाथ पाण्याच्या बाटल्या भरत होता. पोल मी चढवला. झाकण लावलं, बोल्ट हातात घेतला आणि घरून फोन आला. मी गोळ्या घरीच विसरल्याचं बायको सांगत होती. बोलता बोलता मी बोल्ट शर्टाच्या खिशात टाकला. रंगनाथनं गाडी चालू केली आणि मी जाऊन बसलो.

सुप्याच्या पुढे एका गतिरोधकावर मागून आवाज आला. रंगनाथनं आरशात पाहून ब्रेक दाबला. आम्ही उतरेपर्यंत रस्त्यावर पडलेल्या पोलवरून भरलेला ट्रक गेला होता. तीन तुकडे झाले. कावेरी ते गोळा करायला धावली. रंगनाथ टायरवर चढून पाइपाच्या उघड्या तोंडात बघत राहिला. बोल्टच्या रिकाम्या भोकात त्यानं बोट घातलं. "तुटला वाटतं… जाड घालायला पायजे हुता मी," तो म्हणाला. माझा हात तेव्हा खिशावर होता.

मैदानावर कावेरीनं दुसऱ्या मुलीचा पोल मागून घेतला. तो तिला फार कडक होता. पहिल्याच उंचीवर तिन्ही प्रयत्न बाद झाले. ती बॅगेवर बसली होती. रंगनाथनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिनं डोकं बाजूला घेतलं. मी मैदानाबाहेर गेलो आणि बोल्ट गटारात टाकला.

कावेरीनं पुन्हा पोल हातात धरला नाही. नगरला नोकरीला लागली, महिन्यातून एकदा यायची, आईशी बोलून जायची. रंगनाथ मात्र भेटेल त्याला सांगायचा, की आपल्याच हलगर्जीनं पोरीचं वाटोळं झालं. लग्नात, शाळेत, टपरीवर. पुष्कळदा मी त्याच्या शेजारीच बसलेला असायचो. दोनदा सांगायचं ठरवून त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा त्यानं स्वतःच बोल्टचा विषय काढला, तो किती बारीक होता ते बोटांनी दाखवलं… आणि मी चहा पिऊन परत आलो. अशी नऊ वर्षं गेली.

तेराव्यानंतर कावेरीनं मला बोलावलं. गाडीला श्रीगोंद्याचं गिऱ्हाईक आलं होतं, पण त्याला कॅरिअर नको होतं. मी नट खोलायचे पाने घेऊन टायरवर चढलो, तर प्रत्येक नट वेल्डिंगनं पक्का केलेला. चारी कोपऱ्यांवरचा रंग मात्र तेवढाच गेलेला, लोखंड चकचकीत. मी विचारलं, तेव्हा कावेरी म्हणाली, "बाबा रोज ओढून बघायचे. भाजी आणायला जातानासुद्धा. चारी कोपरे."

तिथंच, टायरवर उभा राहून, मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल, निदान रडेल, असं वाटलं होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"काका, मी नऊ वर्षं बाबांशी धड बोलले नाही," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर ती उचलत नाही.

कॅरिअर काढायला घोडेगावहून कटरवाला आणावा लागला. दुपारपर्यंत तो टपावर होता. एकही जोड सुटला नाही. सगळे कापावे लागले.