सोबतीचा रकाना

दुर्बिणीने पोट तपासायच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता, बाकासमोर टेबल आणि टेबलामागे गेली एकोणीस वर्षं एकच सिस्टर. खरं नाव कागदोपत्री असेलच, पण सगळं हॉस्पिटल त्यांना सोबतबाई म्हणायचं. अर्थात माघारी. कारण पेशंट समोर आला की नाव-गाव विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "सोबत कोण?"

प्रश्नात चूक काहीच नव्हती. गुंगीचं इंजेक्शन दिलेल्या माणसाला एकट्याने घरी सोडत नाहीत. जिन्यात तोल गेला, रस्त्यात भोवळ आली, तर निस्तरायचं कुणी? म्हणून फॉर्मवर सोबतीचा रकाना होता: नाव, नातं, सही. तो कोरा असला की सोबतबाई पेशंटला सरळ परत पाठवत. लोक थापा मारत. सगळ्यांची लाडकी थाप म्हणजे, "भाऊ खाली पार्किंगमध्ये आहे." त्यावर बाई पेन खाली ठेवत आणि शांतपणे म्हणत, "मग वर बोलवा." खाली कुणीच नसायचं.

एकदा एक म्हातारे घड्याळजी आले होते. पोटात आग, वजन उतरलेलं. म्हणाले, "सोबत कुठून आणू बाई? बायको गेली, मूलबाळ नाही. बाजारात मिळत असेल तर दुकान सांगा." बाकावरचे हसले, बाईही हसल्या. "शेजारीपाजारी कुणी बघा आणि पुढच्या बुधवारी या," असं सांगून त्यांनी पुढचा फॉर्म ओढला. घड्याळजी पुन्हा आले नाहीत, आणि बाईंच्या ते लक्षातही राहिलं नाही.

त्याच सुमारास बाईंचं स्वतःचं पोट दुखायला लागलं. उपाशी राहिलं की कुरतडल्यासारखं व्हायचं, खाल्लं की फुगायचं. बाईंची आई पोटाच्याच दुखण्याने गेली होती. शेवटची सहा वर्षं बाईंनी तिचं सगळं केलं, त्यात लग्नाचं वय निघून गेलं आणि मग आईही. त्या दुखण्याचं नाव बाई मनातसुद्धा घेत नसत. टेबलाच्या खणात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या पडलेल्या असायच्या. त्यातली एक रोज सकाळी घ्यायची, की दिवस निभायचा. असे सात महिने निभावले. शेवटी डॉक्टरांनीच एक दिवस त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, एप्रन अंगावर टांगल्यासारखा दिसतोय. बुधवारी तुमचीच दुर्बीण करू. जंतूंची तपासणीही होऊन जाईल. गोळी वगैरे काही चालू नाही ना?"

"छे," बाई म्हणाल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसली गत. गोळी दोन आठवडे आधी बंद करायची, नाहीतर पोटातले जंतू दबून राहतात आणि तपासणी खोटी येते, हे त्या रोज दहा जणांना बजावत. स्वतःच्या बाबतीत मात्र "आजची शेवटची" म्हणत बुधवारपर्यंत गोळी सुटली नाही. दुखण्याची भीती होतीच, पण दुखणं खरं असेल याची त्याहून जास्त होती.

आणि घोडं अडलं ते सोबतीपाशी. बाईंनी दादाला फोन केला. दादा दुसऱ्या गावी, सुनानातवंडांच्या गोतावळ्यात. म्हणाला, "अगं, तू तर तिथलीच. तुला कशाला हवी सोबत? तिथे सगळी तुझीच तर माणसं." शेजारीण गुडघ्याने बेजार. हॉस्पिटलात कुणाला म्हटलं असतं तर हजार जणी आल्या असत्या, पण मग आपल्याच प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही हे जगजाहीर झालं असतं. बाईंना ते मरणाहून वाईट वाटलं. त्यांनी रकान्यात दादाचं नाव लिहिलं.

बुधवारी टेबलावर दुसरी सिस्टर होती, दोन मुलांची आई, कामाला चोख. तिने फॉर्म वाचला.

"ताई, भाऊ कुठेत? सही राहिलीय त्यांची."

"खाली पार्किंगमध्ये आहे," बाई म्हणाल्या.

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. त्या सिस्टरने पेन खाली ठेवलं.

"मग वर बोलवा ना. तुम्हीच शिकवलंय."

बाकावर पाच-सहा माणसं होती. प्रत्येकाशेजारी कुणी ना कुणी होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? बाईंनी फॉर्म ओढून घेतला, दादाचं नाव खोडलं आणि म्हणाल्या, "गुंगी नको मला. नुसता घसा बधिर करायचा फवारा मारा."

समोरची काय ते समजली. समजली म्हणूनच काही बोलली नाही, आणि ते न बोलणं बाईंना फार लागलं.

आत जाताना पेशंट आपला चष्मा, घड्याळ, कवळी सोबतीच्या हातात देतो. बाईंनी आपला चष्मा आणि घड्याळ औषधांच्या ट्रॉलीवर ठेवलं. मग डाव्या कुशीवर झोपून त्यांनी ती नळी जागेपणी गिळली. "नाकाने श्वास घ्या, लाळ बाहेर येऊ द्या," हे हजारदा म्हटलेलं वाक्य, पण ते किती निरुपयोगी आहे हे त्या दिवशी कळलं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पडद्यावर चष्म्याविना नुसतं लालभडक काहीतरी हलत होतं. आईच्याही पोटात असंच काही दिसलं असेल का, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

डॉक्टरांनी पोटाच्या आतल्या अस्तराचे बारीक तुकडे काढले. एक पिवळ्या पट्टीवर ठेवला, बाकीचे प्रयोगशाळेत पाठवले. पोटात जंतू असतील तर पट्टी गुलाबी होते. बाई चष्मा लावून पट्टीकडे बघत बसल्या. पट्टी पिवळी ती पिवळीच.

"जंतू नाहीत म्हणजे," डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "मग ही सूज कशाची?"

बाईंचं धाबं दणाणलं. जंतू नाहीत, तर मग ते दुसरं. त्यांनी मान खाली घातली. "डॉक्टर, मी गोळी घेत होते. आज सकाळीसुद्धा."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सिस्टर, तुम्ही?"

प्रयोगशाळेचा कागद यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बाईंनी कपाट आवरलं आणि आईच्या साड्या देऊन टाकल्या. कागद आला: आईचं दुखणं नव्हतं. गोळीविना दोन आठवडे कसेबसे काढून त्यांनी श्वासाची तपासणी दिली. एक औषध प्यायचं आणि पिशवीत फुंकायचं. जंतू असले तर फुंकेतून चुगली होते. ती झाली. जंतूच होते, चौदा दिवसांच्या औषधाने जाणारे.

"घरात तुमच्याबरोबर जेवायला कोण असतं?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं. "हे जंतू एकाचे दुसऱ्याला होतात. त्यांनाही तपासून टाकू."

"कुणी नाही."

"वा, मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले. भला माणूस, मनात काही नव्हतं.

आपण वाचलो, ही बातमी सांगायला बाईंनी दादाला फोन लावला. त्याच्या घरी पाहुणे होते. "छान, छान, नंतर बोलू," म्हणाला. फोन हातात तसाच राहिला. इतका आनंद एकटीने कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, आणि त्या रडल्या. तेव्हा कुठे त्यांना घड्याळजी आठवले. बाजारात सोबत मिळत असेल तर दुकान विचारणारे.

त्यांनी जुने फॉर्म उपसले. सोबतीचा रकाना कोरा असलेला तो कागद सापडला. आठ-नऊ महिने उलटले होते. माणूस आहे की नाही कोण जाणे. बाईंनी नंबर फिरवला.

"दुर्बिणीच्या खोलीतून बोलतेय. तुम्ही परत आला नाहीत."

पलीकडून आवाज आला, "सोबत मिळाली नाही अजून."

"मिळालीय," बाई म्हणाल्या. "बुधवारी उपाशीपोटी या. पोटाची कसली गोळी चालू असेल तर आधी सांगा, खरं खरं सांगा."

गोळी नव्हती. बुधवारी बाईंनी रजा टाकली आणि टेबलाच्या अलीकडे, बाकावर बसल्या. एकोणीस वर्षांत त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या. बराच टणक होता.

"घड्याळजींच्या सोबत कोण?"

बाई उठल्या, सही केली. टेबलावरच्या त्याच दुसऱ्या सिस्टरने मान वर केली. "ताई, नातं काय लिहू?"

"काही नाही."

"कोरं चालत नाही ना."

"मग सोबत असंच लिही."

तिने लिहिलं. घड्याळजींनी चष्मा काढून बाईंच्या हातात दिला, मग कवळीची डबी, मग मनगटावरचं घड्याळ. "चालू आहे," ते म्हणाले. "किल्ली नका देऊ."

दार बंद झालं. बाई ते सगळं ओंजळीत धरून बाकावर बसल्या, आणि घड्याळजी बाहेर येईपर्यंत त्यांनी ते शेजारी ठेवलं नाही.