जयकुमारशेठची उचकी

खारी गावचा जयकुमारशेठ म्हणजे सोन्यासारखा माणूस. पाण्याच्या चार टँकरचा मालक. त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर गाठ आपल्याशी आहे. पण खरं ते खरं, महिनाभर शेठला उचकी लागली होती. एकेक अशी यायची की हातातला चहा शेजारच्याच्या शर्टावर.

डॉक्टर म्हणाला, "बिझनेसचं टेन्शन आहे, योगा करा." शेठने शवासन केलं. आडव्या माणसाची उचकी जास्त उडते, एवढंच कळलं.

आणि रविवारी पोरीचा, दिशाचा साखरपुडा! व्याह्यांसमोर उचकत उभं राहायचं?

शनिवारी शेठची बायको सत्यवती ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. शेठ फोनवर. "हां साहेब, गाडी निघाली!" उचक्. "हां मॅडम, नाक्यावर आलीच!" उचक्. चारही टँकर दारात उभे.

"एकदा तरी 'न्हाय' बोला ना कुनाला," सत्यवती म्हणाली. "पोटात अडकलाय तो शब्द."

"आगं, रागावतील लोक!" शेठला कोणी रागावलेलं बघवायचंच नाही.

"मग बोला खोटं नि उचका."

रविवारी हॉलमध्ये शेठ तोंडात साखर धरून, श्वास रोखून, टोमॅटो होऊन उभा. तेवढ्यात मिरा रोडचे व्याही बाबाजी जवळ आले. सोसायटीचे चेअरमन. "संध्याकाळी आमच्याकडे दोन टँकर पाठवा की. आता घरचेच झालो."

"हां, गाडी नि..." उचकी गळ्यापर्यंत आली. समोर चारही ड्रायव्हर नवीन शर्ट घालून बासुंदी चापत होते. दिशा बापाकडे टक लावून बघत होती.

"न्हाय," शेठ बोलला. "आज गाडी न्हाय. पोरं जेवतायत. उद्या अकराला."

सगळे उचकीची वाट बघतायत. आलीच नाही!

बाबाजी डोळे फाडून म्हणाले, "खरी वेळ सांगणारा टँकरवाला पहिल्यांदा बघतोय. अंगठी आणा!"

मग काय, शेठला चवच लागली. फोटोवाला म्हणाला, "शेठ, हसा." "न्हाय." वाढपी म्हणाला, "पुरी?" "न्हाय." भटजींनी विचारलं, "मुलीच्या वडिलांची संमती आहे ना?"

"न्हाय!"

सत्यवतीने असा चिमटा काढला की शेठ जागेवरच उडाला. "हाय, हाय, संमती हाय!"

उचकी आली नाही. म्हणजे संमती खरंच होती.