विमान कंपनीच्या दारात सोडलेली शिदोरी

माझा भाऊ फौजेत आहे. त्याची रजा संपली, की कडेगावहून आम्ही सगळे जीप भरून त्याला पोचवायला जातो. मागच्या खेपेला पुण्याच्या विमानतळावर गेलो, तर विमान कंपनीनं बहुतेक विमानं रद्द केलेली, भावाचंही. भावाला दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये हजर व्हायचं होतं. विमानतळाबाहेरच्या तिकीट खिडकीतली मुलगी म्हणाली, "पैसे परत मिळतील, घरी जा." भाऊ "येस मॅडम" म्हणून बाजूला झाला. हुकूम ऐकायची सवय, दुसरं काय.

मी त्याला धरून परत आणलं. पैसे घ्यायचे की दुसरं विमान, हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं नाही. तो सरकारी नियम मी मोबाइलवर काढून मोठ्यानं वाचला आणि खिडकीसमोर बसले. मागची रांगही बसली. कंपनी ढिम्म. भूक लागली की माणसं आपोआप पांगतात, यावरच तिचा सगळा भरवसा.

तेवढ्यात आईनं भावासाठी आणलेली शिदोरी सोडली. भाकरी-चटणी रांगेत फिरली, आणि पहिली भाकरी खिडकीतल्या मुलीला.

"आये, तिला कशाला?" मी चिडले.

"तिलाबी उपाशीच बसवलंय की गं." मग आई तिच्याकडं वळली. "खा बाय. भाकऱ्या लय हाईत. पोराला इमान मिळस्तोवर आमी हितनं हलत न्हाई."

मुलीनं भाकरी घेतली आणि फोन उचलला. दुपारी भाऊ दुसऱ्या कंपनीच्या विमानानं गेला. रांगेतले बाकीचे अजून अडकलेलेच होते, म्हणून आम्ही उठलो नाही.